डायरेक्टरला हाक मारली म्हणून काका रुसले! गावातला ब्रिज क्लब कसा चालवायचा?

तिसरं_गेट
नमस्कार मंडळी. बेळगावात टिळकवाडीतल्या एका वाचनालयाच्या माडीवर आम्ही दर शनिवारी साडेचारला डुप्लिकेट ब्रिज खेळतो. माणशी पन्नास रुपये, त्यात चहा आला. पहिल्या जोडीला पाव किलो कुंदा. कुलूप उघडणं, बोर्ड लावणं, स्कोअर काढणं आणि भांडण झालं की डायरेक्टर म्हणून निवाडा देणं, सगळं माझ्याच गळ्यात आहे. शिवाय जोडी कमी पडली की खेळायलाही मीच.

ब्रिज म्हणजे रमीचा भाऊ समजणाऱ्यांसाठी थोडक्यात: डुप्लिकेटमध्ये एकदा वाटलेली पानं चार खिशांच्या चपट्या बोर्डात जशीच्या तशी ठेवून टेबलाटेबलावर फिरवतात. तुमची पानं भिकार होती ही सबब इथे चालत नाही, कारण त्याच भिकार पानांवर शेजारच्या टेबलावर कुणीतरी तुमच्यापेक्षा एक हात जास्त केलेला असतो.

आता मुद्दा. तीन शनिवारांपूर्वीची गोष्ट. आमचे एक ज्येष्ठ सभासद, वय ७८, त्यांना काका म्हणू. क्लबचे पहिले बोर्ड त्यांनीच शहापुरात सुताराकडून प्लायवूडचे करून घेतले होते. त्यांच्या समोर पुण्याहून परत आलेली, घरून काम करणारी एक मुलगी, भावाबरोबर. तिचा चार इस्पिकचा करार, म्हणजे इस्पिक हुकूम धरून तेरापैकी दहा हात करायचे. चौकट खेळली गेली, काकांनी इस्पिकनं कापून हात घेतला. पुढे दोन हात झाले आणि काकांच्याच हातातून चौकटची सत्ती खाली आली. मुलीनं हात वर केला आणि म्हणाली, "डायरेक्टर प्लीज." आवाज चढवला नाही, काही नाही. मी गेलो, पानं बघितली, नियमाप्रमाणे दोन हात तिकडे दिले. एक हात कमी पडत होता, त्याचा एक जास्त झाला. तिचे उणे ५० जाऊन अधिक ४५० आले.

काका म्हणाले, "पस्तीस वर्षांत माझ्यावर कुणी पोलीस बोलावला नव्हता." चहा न घेता गेले. तेव्हापासून येत नाहीत, त्यांचे पार्टनर येत नाहीत, त्यांच्या बाजूच्या आणखी दोन जोड्या येत नाहीत. सहा टेबलांची साडेचार झाली. आणि काल त्या मुलीचा मेसेज, "मीच यायचं थांबवलं तर सोयीचं होईल का?"

खरं तर काकांबद्दल कुजबुज आधीपासून होती. त्यांच्या टेबलावर सात-साडेसात मिनिटांचा बोर्ड हल्ली बारा मिनिटं चालतो. डमीची, म्हणजे करार खेळणाऱ्याच्या पार्टनरची टेबलावर उघडी मांडलेली पानं पुढे वाकवाकून बघतात. मागच्या टेबलाला ताटकळावं लागतं.

तुमच्याकडे काय करता? सगळे एकमेकांच्या लग्नामुंजीला जाणारे. अशा ठिकाणी डायरेक्टर बोलावणं म्हणजे तक्रार नव्हे, हे लोकांच्या डोक्यात कसं घालायचं?

दुर्री
पाव किलो कुंद्यासाठी एवढं? अर्धा किलो असता तर कोर्टात गेले असते.

कलम_चौसष्ट
निवाडा बरोबर आहे, त्यावर चर्चा नको. रंग असून दिला नाही, त्या चुकीच्या पानानंच हात जिंकला आणि नंतर त्या बाजूला आणखी एखादा हात मिळाला, तर दोन हात जातात. चूक करणाऱ्यानं तो हात स्वतः जिंकला नसेल तर एक. २०१७ च्या नियमावलीत हेच आहे.

आणि बोलावलं नसतं तर तीच चूक ठरली असती. टेबलावर चुकीकडे बोट दाखवलं गेलं की डायरेक्टरला लगेच बोलवायचं, हा नियम चारही खेळाडूंना लागू आहे. आपापसात मिटवायचं नाही.

खानापूर_एक्सप्रेस
ओ चौसष्ट, नियम हाय तो बरोबर. पण बेळगावात माणसं नियमानं चालूलाय का? इथं रिक्षा मीटरनं चालत नाही, ब्रिज काय चालणार?

कलम_चौसष्ट
म्हणूनच सांगतो. एक उदाहरण घ्या. डावीकडच्यानं उतारी (डावातलं पहिलं पान) करायची होती, उजवीकडच्यानं केली. टेबलावरचा शहाणा म्हणतो, "उचला हो, चालतंय." वास्तविक डिक्लेररपुढे, म्हणजे करार खेळणाऱ्यापुढे, पाच वाटा असतात. ती उतारी मान्य करून स्वतः खेळावं. मान्य करून आपलीच पानं उघडून पार्टनरला खेळायला द्यावं. नाकारून तोच रंग मागावा. नाकारून तो रंग बंद करावा. किंवा ते पान दंडाचं म्हणून टेबलावर उघडं ठेवून दुसरी कुठलीही उतारी करू द्यावी. पाचही वाटा तोंडपाठ असणारा माणूस तुमच्या टेबलावर आहे का? नसेल तर "उचला हो" म्हणणाऱ्यानं समोरच्याचा हक्क खाल्ला.

इस्पिकची_राणी
मूळची शहापूरची, आता पुण्यात. वरचं सगळं वाचलं. काका रुसले, काकांचे मित्र रुसले, तिसरं_गेट यांना झोप येत नाही. त्या मुलीचं काय? नियमानं वागलेली एकटी तीच आणि "मी यायचं थांबवू का" हेही तिनंच विचारायचं?

मी वयाच्या सव्विसाव्या वर्षी पहिल्यांदा क्लबात गेले तेव्हा एका आजोबांनी माझं पान माझ्या हातातून ओढून टेबलावर ठेवलं होतं. "बेटा, हेच खेळायचं असतं." मी डायरेक्टर बोलावला नाही. सगळे कौतुकानं हसले. पुढची चार वर्षं मी क्लबचं तोंड बघितलं नाही, घरी ब्रिज बेस ऑनलाईनवर खेळत बसले. तिथे कुणी पान ओढत नाही.

तेव्हा आधी तिला फोन करा. मेसेज नको, फोन.

तिसरं_गेट
केला. येते म्हणाली. बरं झालं ठणकावून सांगितलंत.

निपाणीकर
"पोलीस बोलावला" वरून आठवलं. फार वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी तंबाखूच्या वखारीच्या माडीवर आम्ही चार टेबलं लावायचो. एकदा गस्तीवरचा हवालदार जिना चढून वर आला. पत्ते दिसले म्हणजे अंदर-बाहरच चाललंय असा त्याचा समज. पैसे कुठेत विचारलं. नाहीत म्हटल्यावर बोलीची कार्डं असतात तो बिडिंग बॉक्स उघडून एकेक कार्ड बघायला लागला. लाल एक्स आणि निळे दोन एक्स हातात घेऊन म्हणाला, "हे डबल, रिडबल कशाचं?" आमच्यातल्या एका वकिलांनी त्याला बसवलं, चहा दिला आणि सुप्रीम कोर्टाचा १९६७ चा निकाल ऐकवला. तो मुळात रमीचा. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं सांगताना कोर्टानं ब्रिजच्या वाटपाचं उदाहरण दिलंय. हवालदार शेवटी म्हणाला, "म्हणजे मेंढीकोटच की, फक्त तोंड बंद ठेवून."

इतकी नेमकी व्याख्या मी अजून ऐकलेली नाही.

दुर्री
तोंड बंद ठेवून? निपाणीकर, तुम्ही आमच्या टेबलावर बसलेला दिसत नाही. माझी पार्टनर माझी बायको आहे. मी रंग दिला नाही की डमीला विचारायची मुभा असते, "किलवर नाहीत?" ती हे अशा आवाजात विचारते की असलेले किलवरही भिऊन लपतात.

कॅम्पातला_निवृत्त
फौजेतून निवृत्त होऊन बेळगावातच स्थायिक झालो. मेसमध्ये ब्रिज खेळून खेळून केस पांढरे केले. आमच्याकडे साधा शिरस्ता होता. बोर्ड चालू असताना बोलणं नाही. बोर्ड संपल्यावर पार्टनरची चूक काढायची नाही. घरी जाताना गाडीत काढा. दुसऱ्यांदा आवाज चढला की पुढची फेरी बाहेर बसा, हुद्दा कुठलाही असो.

ज्येष्ठांना सूट देणं मला मान्य नाही. काकांनी माफी मागावी.

घटप्रभा
नमस्कार. मी गोकाकचा. घरात कन्नड, मराठी शाळेबाहेर शिकलो, चुकलं तर सांभाळून घ्या.

बिडिंग बॉक्सबद्दल एक सांगतो. हे लाकडी-प्लास्टिकचे डबे स्वीडनमध्ये १९६० च्या दशकात निघाले ते आवाजातून पार्टनरला खूण जाऊ नये म्हणून. आपल्या भागात त्यांचा दुसराच उपयोग झाला. एका टेबलावर एक मराठी, एक कन्नड, एक कोकणी, एक उर्दू. पूर्वी तोंडी बोली चालायची तेव्हा "पास" सोडला तर कशाचाच पत्ता नसायचा. आता कार्ड ठेवलं की संपलं.

पण कार्ड ठेवून झाल्यावर जे बोलतात त्याचं काय? मागे एका स्पर्धेत समोरच्या जोडीला वाटलं मला मराठी येत नाही. मी डिक्लेरर. एक दुसऱ्याला म्हणतो, "राजा तुझ्याकडं हाय म्हणून मी गप्प होतो." अजून निम्मा डाव शिल्लक! मी फिनेस (राजा दुसऱ्या बाजूला आहे असं धरून खालच्या पानावर हात काढायचा प्रयत्न) न घेता एक्का टाकला, राजा एकटाच होता, पडला. दोघं माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "थँक्यू हं."

खानापूर_एक्सप्रेस
😂😂 आयला! डायरेक्टर बोलावला का त्यांनी?

घटप्रभा
बोलावून काय सांगणार? विरोधकाच्या बोलण्यावरून अंदाज मी माझ्या जबाबदारीवर बांधू शकतो. बांधता येत नाही तो त्यांच्याच पार्टनरला. पण मुद्दा गंभीर आहे. टेबलावर चौघांना समजेल त्याच भाषेत बोलावं. अलर्ट केलेल्या (नेहमीपेक्षा वेगळ्या अर्थाच्या) बोलीचा अर्थ विचारला तर समोरच्याच्या भाषेत सांगावा. हा सीमेचा वाद नाही, साधा शिष्टाचार आहे. आमच्याकडे "बर्री, कूड्री" म्हणून खुर्ची देतात, मग खेळतात.

तिसरं_गेट
घटप्रभा, हे आमच्याकडेही घडतं, कबूल करतो. आमच्यातले दोघे-तिघे चिकोडी-अथणीकडचे, त्यांना दोन्ही भाषा येतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. शनिवारी फळ्यावर लिहितो.

निवृत्त साहेब, माफीचं मला पटत नाही. रंग चुकला ही चूक आहे, गुन्हा नव्हे. निघून गेले ते वाईट झालं, पण ७८ वर्षांच्या माणसाला माफी माग म्हणायला माझी जीभ वळणार नाही.

कॅम्पातला_निवृत्त
मग क्लब चालवू नका.

इस्पिकची_राणी
साहेब, गाडीत पार्टनरची चूक काढायचा शिरस्ता तुम्ही स्कूटरवाल्यांसाठी कसा लावाल? हेल्मेटमधून ऐकू येत नाही.

गंमत सोडा. तिसरं_गेट, तुमची जीभ वळत नाही तेच बरं आहे. पण तुमच्या बाजूनंही थोडं चुकलं असेल. टेबलाशी आल्यावर तुम्ही कुणाकडे बघून विचारलंत? डायरेक्टरनं बोलावणाऱ्याला "काय तक्रार?" विचारलं की दुसरा आपोआप आरोपी होतो. टेबलाच्या मधोमध बघायचं आणि म्हणायचं, "काय झालं?" एवढंच. निवाडा देताना "तुम्ही" हा शब्द नाही. "चौकट राहून गेली, दोन हात पलीकडे, पुढे चला." आवाज पोस्टमनसारखा.

दुसरं, पहिल्या शनिवारी तुम्ही स्वतः खेळत असाल तर स्वतःवरच डायरेक्टर बोलवा. बोली चुकली, पान निसटलं, काहीही. नियमावली काढा, मोठ्यानं वाचा, स्वतःला दंड लावा. दोन-तीनदा झालं की हाकेतली धार जाते.

तिसरं_गेट
"तुम्ही" म्हणालो होतो. "काका, तुम्ही चौकट असताना कापलंत." सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं. आता आठवून कान गरम झाले.

दुर्री
स्वतःवर डायरेक्टर बोलावणे = स्वतःच्याच दुकानात उधारी मागणे.

चिकोडीची_मावशी
मला नियम फार कळत नाहीत, मी मिस्टरांबरोबर दोन वर्षं झाली खेळते. मला सगळ्यात त्रास होतो तो बोर्ड संपल्यावरच्या आरड्याओरड्याचा. "सहा निघत होते की! राणी धरून मारायची!" अहो, तो बोर्ड पुढच्या टेबलावर जायचाय. ते लोक कान टवकारून बसलेले असतात. आम्ही पाचवर थांबणार होतो, ओरडा ऐकून सहा बोललो, निघाले. कुंदा आम्हाला मिळाला. अजून मनाला लागून आहे, पण कुंदा छान होता.

कलम_चौसष्ट
मावशी, अशा वेळी डायरेक्टरला सांगायचं की या बोर्डाबद्दल आमच्या कानावर आलंय. तो काय करायचं ते ठरवेल. तुम्ही सांगितलं नाहीत हे बरोबर नाही.

चिकोडीची_मावशी
कुंदा संपला हो.

निपाणीकर
विषय निघालाच आहे म्हणून. आपल्याकडे ब्रिज म्हणजे पेन्शनरांचा टाइमपास म्हणून नाक मुरडतात. २०१८ साली जकार्ताच्या एशियाडमध्ये पुरुष जोड्यांचं सुवर्ण भारताला मिळालं. प्रणब बर्धन वय ६०, शिबनाथ डे सरकार वय ५६. त्या वयात आपल्याला जिन्यानं माडीवर चढताना मधे थांबावं लागतं.

खानापूर_एक्सप्रेस
माडीवरून आठवलं, पावसाळ्यात तुमच्या हॉलवर लाईट जाते तेव्हा काय करता? आमच्याकडं मेणबत्ती लावूलाय. एकदा बिडिंग कार्डं पेटली.

तिसरं_गेट
इन्व्हर्टर आहे, पण त्यावर दोनच ट्यूबलाईट चालतात. कोपऱ्यातल्या टेबलांना अंधारच. काकांना नेहमी खिडकीचं टेबल लागतं त्यावरूनही कुरबुर आहे. मिचेल हालचालीत (जोड्यांनी टेबलं बदलायची एक पद्धत) उत्तर-दक्षिण बसलेल्यांना उठावं लागत नाही. ते कायम खिडकीपाशी उत्तर पकडून बसतात. चार टेबलं उरली तर हॉवेल लावावी लागेल, आठ जोड्या, सात फेऱ्या, तीन-तीन बोर्ड. त्यात एकच जोडी जागेवर राहते, बाकी सगळ्यांना फिरायचं. म्हणजे ती एक खुर्ची कुणाची यावर नवं भांडण.

संकेश्वरी_मिरची
इतके दिवस नुसती वाचत होते. तिसरं_गेट, तुमची पहिली पोस्ट परत वाचा. बोर्डाला बारा मिनिटं. डमीची पानं वाकून बघतात. आता म्हणताय खिडकीचं टेबल लागतं. आणि चौकटची सत्ती हातात असून दिली नाही. ती सत्ती हातात कुठल्या पानांत होती? बदामांत ना?

माझ्या वडिलांचं हेच झालं. ते रमी खेळायचे आणि चुकीचा सिक्वेन्स लावायला लागले. आम्ही म्हणालो, वय झालं, लक्ष लागत नाही. मोतीबिंदू निघाला. कोपऱ्यातला बारीक लाल बदाम आणि बारीक लाल चौकट संध्याकाळच्या उजेडात त्यांना एकच दिसायचे. आकडा कसाबसा वाचायचे, रंग अंदाजानं. आणि सांगणार कुणाला? पत्ते खेळणारा माणूस "मला पत्ते दिसत नाहीत" असं तोंडानं म्हणत नाही.

इस्पिकची_राणी
अरे देवा.

कलम_चौसष्ट
हे माझ्या डोक्यात आलं नाही. निवाडा बदलत नाही, पण डोक्यात यायला हवं होतं.

दुर्री
(आज विनोद नाही.)

तिसरं_गेट
चार दिवसांनी लिहितोय. परवा काकांकडे गेलो. निमित्त म्हणून जुन्या प्लायवूडच्या बोर्डांतला एक तुटका घेऊन गेलो, दुरुस्त होईल का विचारायला. ते खिडकीत पेपर नाकाला लावून बसले होते. चहा झाला. बोर्ड हातात फिरवत होते. मी काहीच विचारलं नव्हतं, तेच म्हणाले, "चौकट दिसली असती तर कापलं असतं होय रे?"

बदामांतच लावली होती सत्ती. सहा महिने झाले म्हणाले. घरी सांगितलेलं नाही. काकूंना वाटतं शनिवारी पाय दुखतात म्हणून जात नाहीत. त्यांच्या मुलाला मी त्यांच्यासमोरच फोन लावला, पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. नाव न घालता लिहायला त्यांची हरकत नाही, विचारून लिहितोय.

निघताना म्हणाले, "पण त्या पोरीनं चार बोलायलाच नको होतं. हात तीनचाच होता. मी सगळी पानं परत मांडून बघितली." म्हणजे तीन आठवडे गृहस्थ घरी बसून तोच बोर्ड खेळत होते.

मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, चारच बरोबर, आणि मला बिडिंगचा कागद पाठवला. तो काकांना पाठवलाय. दोघांचं फोनवर चालू आहे, मी मधून बाजूला झालो.

कॅम्पातला_निवृत्त
माफीचं म्हणालो होतो ते मागे घेतो. मात्र "घरी जाताना गाडीत" हा शिरस्ता कायम ठेवावा.

संकेश्वरी_मिरची
मोठ्या आकड्यांची पानं मिळतात, जंबो म्हणून. कोपऱ्यातला आकडा आणि खूण दुप्पट. चार रंगांचे पत्तेही असतात, चौकट निळी, किलवर हिरवा. ऑपरेशन होईपर्यंत उपयोगी पडतील.

तिसरं_गेट
जंबोचे कॅट मागवले, सगळ्याच बोर्डांना, नाहीतर काकांना लगेच कळेल की त्यांच्यासाठी आणलेत. निळी चौकट मात्र नको. आमच्याकडे निळी चौकट बघून आणखी तीन जोड्या रुसतील.

खिडकीच्या टेबलावर जास्तीची ट्यूबलाईट बसवली. इन्व्हर्टरवर घेतली. आणि काल मी उतारी चुकीच्या बाजूनं केली, स्वतःच ओरडलो "डायरेक्टर!", मग उठलो, खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो, "काय झालं?" विचारलं. लोक इतके हसले की चौसष्टांच्या पाच वाटांतली चौथी मलाच आठवेना. पुस्तक उघडावं लागलं.

कलम_चौसष्ट
तो रंग बंद करणे.

चिकोडीची_मावशी
काका येणार का शनिवारी?

तिसरं_गेट
या शनिवारी नाही. त्यांचे पार्टनर मात्र परत आलेत, दुसऱ्याबरोबर खेळायला तयार आहेत. रुसलेल्या दोन जोड्यांपैकी एक येतेय, एक अजून विचार करतेय. पाच टेबलं झाली, त्या पार्टनरांना मात्र एक भिडू हवा आहे. साडेचारला, काँग्रेस रोडवरून येणार असाल तर रेल्वेचं गेट बंद असतं त्या हिशोबानं निघा.

घटप्रभा
मी येतो. पार्टनर मराठीत गप्प बसणारा आहे ना?